क्लिपर नुसता बघू नका, एकदा ऐका पण

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात दरवर्षी डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनवर पानंच्या पानं येतात, कुठल्या ब्रँचला स्कोप आहे, कटऑफ किती, फी किती, प्लेसमेंट कशी, सगळं असतं. नातेवाइकांची पोरं विचारायला येतात म्हणून मी ते नीट वाचतो. पण एकदा ॲडमिशन झाली की लॅबमध्ये पोरांच्या हाताला नेमकं काय लागतं यावर कुठेच काही छापून येत नाही, आणि मला त्यावरच बोलायचंय. आता विषय आहे घरी बनवलेलं गिटारचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी, पायानं चालू-बंद करायची पेटी, त्यामुळे सुरुवातीला वाटेल की हे पत्र चुकून शिक्षणाच्या पानावर आलं, पण माझं म्हणणं शिक्षणाबद्दलच आहे.

मी भोसरीला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, पॅनल, ड्राइव्ह, सेन्सर हे रोजचं काम, आणि कॉलेजपासून गिटार वाजवतो. माझा भाचा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमाला आहे, सेकंड इयर. मध्ये तो आमच्याकडे राहायला आला होता तेव्हा सबमिशन जवळ आलेलं, जर्नल पूर्ण करत बसला होता. मी सहज पानं उलटली तर एका प्रॅक्टिकलला ७४१ आयसी वापरून नॉन-इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट, आणि आधीच्या सेमच्या जर्नलमध्ये डायोड क्लिपर, म्हणजे सिग्नलची टोकं कापणारं सर्किट. आकृत्या सुबक, ग्राफ पेपरवर साइन वेव्ह वरून-खालून कापलेली, बाजूला सरांची सही. मी विचारलं ही वेव्ह कापायची कशाला रे? तो म्हणाला, मामा, वेव्ह शेपिंगसाठी. म्हटलं ठीक, पण कापल्यावर होतं काय? तर म्हणे सीआरओवर, म्हणजे वेव्ह दाखवणाऱ्या स्क्रीनवर, फ्लॅट दिसते. आणि आवाज? आवाज कुठून येणार मामा, ट्रेनर किट असतं, पॅच कॉर्ड लावायच्या, रीडिंग घ्यायचं, पुढची बॅच बाहेर उभी असते.

यात पोराचा दोष नाही आणि सरांचाही नाही, एका बॅचला जेवढी किट असतात आणि जेवढा वेळ असतो त्यात रीडिंगच होतात. पण वाईट याचं वाटतं की त्या जर्नलमधली ही दोन प्रॅक्टिकल नुसती एकापुढे एक जोडली तर रॉक गाण्यांमध्ये गिटारचा जो घोगरा, करकरीत, लांबच लांब टिकणारा आवाज येतो तो तयार होतो, आणि हे त्या पोराला दोन वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. आधी सिग्नल खूप वाढवायचा, मग त्याचा वरचा आणि खालचा भाग डायोडनं कापायचा. डिस्टॉर्शन पेडल म्हणजे एवढंच. बाकी सगळे कंपन्यांचे रंग आणि नावं.

हा आवाज मुळात बिघाडातून आलाय हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९६१ साली मार्टी रॉबिन्स या अमेरिकन कंट्री गायकाचं एक गाणं आलं, त्यात ग्रेडी मार्टिननं सहा तारांच्या बेस गिटारवर वाजवलेला एक तुकडा आहे. नॅशव्हिलच्या स्टुडिओत तो रेकॉर्ड होताना मिक्सिंग कन्सोलचं चॅनल बिघडलेलं होतं आणि तुकडा पार फाटक्या आवाजात टेपवर गेला. तो तसाच ठेवला आणि लोकांना आवडला, इतर कलाकार तसाच आवाज मागायला लागले. मग ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग इंजिनिअरनं काय केलं, तर रेव्हिस हॉब्ज नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरला घेऊन ट्रान्झिस्टरवर तोच आवाज काढणारी एक पेटी बनवली, ती गिब्सन कंपनीनं १९६२ मध्ये मायस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणली. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन साधे सेल, बस. आधी फारशी खपली नाही, पण १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं वापरली आणि मग मागणी पुरी करता येईना. तिकडे इंग्लंडमध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये ब्लेड घेऊन आपल्या ॲम्पच्या स्पीकरचा कागदच चिरला होता याच आवाजासाठी. मी मेंटेनन्सचा माणूस आहे, बिघाड काढून टाकणं हे माझं काम, पण बिघाडात नक्की काय होतंय हे समजून घेऊन तो हवा तेव्हा मुद्दाम घडवून आणणं ही खरी इंजिनिअरिंग, आणि ती पोरांना शिकवता येते.

आता प्रत्यक्ष सर्किट. सत्तरच्या दशकात एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडीचं २५० अशी दोन पेडल आली, दोन्हीत एकच ७४१ आणि दोन डायोड, सर्किट जवळजवळ सारखंच, मोठा फरक एवढाच की एकात जर्मेनियम डायोड आणि दुसऱ्यात सिलिकॉन. शिकायला यापेक्षा सोपी आणि चांगली जोडी मला माहीत नाही. ७४१ म्हणजे फेअरचाइल्डनं १९६८ मध्ये काढलेला आयसी, आजही दहा-पंधरा रुपयांत मिळतो आणि प्रत्येक लॅबच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो.

गिटारच्या पिकअपमधून (तारांची थरथर विजेत बदलणारी कॉइल) येतात शंभर-दोनशे मिलिव्होल्ट, जोरात स्ट्रोक मारला तर जास्त. हा सिग्नल ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आयसीच्या ३ नंबर पिनला न्यायचा. जर्नलमध्ये प्लस-मायनस १२ चा सप्लाय असतो, इथे ९ व्होल्टची एकच बॅटरी, म्हणून १०० केचे (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख) दोन रेझिस्टर लावून मधे साडेचार व्होल्ट तयार करायचे, तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकायचा आणि त्याच साडेचारपासून १ मेगचा रेझिस्टर ३ नंबरला. हा १ मेगच पाहिजे, पिकअप म्हणजे बारीक वायरचे हजारो वेढे, त्याला कमी इम्पिडन्सचा (इम्पिडन्स म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा) लोड दिला की वरची फ्रिक्वेन्सी मरते आणि गिटार बसकी वाजते. लोडिंग इफेक्ट म्हणून पोरं जी व्याख्या पाठ करतात ती इथे कानाला कळते. ७ नंबरला प्लस, ४ नंबरला ग्राउंड, ६ नंबर आउटपुट, ६ पासून २ ला १ मेगचा फीडबॅक रेझिस्टर.

खरी गंमत २ नंबर पिनच्या खाली आहे. तिथून ४.७ केचा रेझिस्टर, त्यापुढे ५०० केचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), आणि त्यापुढे ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. पॉट एका टोकाला फिरवला की गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, १ अधिक १ मेग भागिले ४.७ के, म्हणजे २१३ च्या वर, आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम ३. जर्नलमधलाच फॉर्म्युला. पण जर्नलमध्ये तो कपॅसिटर नसतो, आणि भाच्यानं बरोबर तोच प्रश्न विचारला की मामा हा कशाला. एक कारण डीसी. कपॅसिटरमुळे डीसीला गेन १ च राहतो, तो नसता तर ते साडेचार व्होल्टसुद्धा दोनशे पटीनं वाढायला गेले असते आणि आउटपुट एका बाजूला जाऊन चिकटलं असतं. दुसरं कारण सुरांचं. फुल गेनला ४.७ के आणि ०.०४७ मिळून ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो, गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला असते, तिला २१३ च्या जागी चोवीस-पंचवीसच गेन मिळतो. हे केलं नाही तर जाड तारा सगळं व्यापून टाकतात, नुसता गडगडाट ऐकू येतो, कुठला सूर वाजवला तेच कळत नाही. तो कपॅसिटर मी त्याला ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायची पट्टी) बदलून बघायला लावला, ०.०४७ काढून १ मायक्रो, मग परत ०.०४७, आणि हाय-पास फिल्टर म्हणजे काय हे त्यानंतर मला त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

६ नंबरपासून पुढे १ मायक्रोफॅरड, मग १० के, आणि तिथून ग्राउंडला दोन डायोड एकमेकांच्या उलटे. त्यांच्या बाजूला ०.००१ चा छोटा कपॅसिटर, आणि शेवटी ५० केचा व्हॉल्यूम पॉट. झालं सर्किट. वन-एन-४१४८ टाकले तर सिग्नल दोन्ही बाजूंना साधारण ०.६ व्होल्टला कापला जातो. ते काढून जर्मेनियमचे टाकले, वन-एन-३४ किंवा जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत असायचे ते ओए-७९, तर ०.३ च्या आसपासच कापायला सुरुवात होते आणि तीही हळूहळू, कोपरा धारदार होत नाही, म्हणून आवाज मऊ पण व्हॉल्यूम कमी. लाल एलईडी लावले तर पावणेदोन व्होल्टपर्यंत जाऊ देतात, आवाज एकदम मोठा आणि मोकळा. भाच्याला मी डोळे मिटून ओळखायला लावलं आणि चौथ्या-पाचव्या बदलाला तो न बघता सांगायला लागला, हा सिलिकॉन, हा एलईडी. पुस्तकातलं फॉरवर्ड व्होल्टेजचं टेबल त्याला पाठ होतं पण त्या टेबलातले तीन आकडे कानाला इतके वेगळे लागतात हे त्याला नवीन होतं.

आणि नुसता व्हॉल्यूम नाही बदलत. साइन वेव्ह दोन्ही बाजूंनी सारखी कापली की त्यात मूळच्या तिप्पट, पाचपट, सातपट फ्रिक्वेन्सी तयार होतात, फक्त विषम पटी. आपल्या भाषेत बोलायचं तर सा वाजवला की तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम आणि पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. तानपुऱ्याच्या खर्जात कान देऊन बसलं की जो गंधार आपोआप ऐकू येतो तोच हा. मिरजेचे कारागीर घोडीवर दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हा तारेतले असेच वरचे स्वर उजेडात आणत असतात, इथे ते काम डायोड करतो. एका बाजूला एक डायोड आणि दुसऱ्या बाजूला दोन लावले की वेव्ह वर-खाली वेगळी कापली जाते आणि मग दुप्पट-चौपट अशा सम पटीही येतात, आवाज भरदार होतो. फूरिए सिरीज मॅथ्समध्ये असते, बहुतेक पोरं ऑप्शनला टाकतात. एक डायोड वाढवला की तीच सिरीज ॲम्पमधून ऐकू येते.

यातूनच गिटारवाल्यांचा पॉवर कॉर्ड (दोनच सुरांचा कॉर्ड) पण समजतो. डिस्टॉर्शन लावून सगळे नेहमीचे कॉर्ड वाजवले की कालवा होतो, म्हणून रॉकवाले सा आणि प एवढंच वाजवतात. क्लिपरमधून दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेची आणि वजाबाकीची फ्रिक्वेन्सीसुद्धा तयार होते. सा-प हे दोनास तीन, वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, त्यामुळे दोन तारा वाजवून खर्ज फुकटात मिळतो. गंधार घातला तर गिटारच्या पट्टीवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो आणि सगळी वजाबाकी जराजरा बेसूर पडते. यालाच इंटरमॉड्युलेशन म्हणतात, कम्युनिकेशनच्या पेपरला ते पाच मार्कांना येतं.

वायरिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण पोरं इथेच अडकतात. आधी ब्रेडबोर्डवर वाजवून बघायचं, मगच झिरो पीसीबीवर (भोकांची कोरी सर्किट पट्टी) सोल्डर करायचं. आयसीला बेस (सॉकेट) वापरायचा, डायोडलाही बेसची दोन-चार भोकं ठेवली तर बदलून बघता येतात. इनपुटचा जॅक स्टिरिओ घ्यायचा आणि बॅटरीचा मायनस त्याच्या रिंगला (मधल्या कड्याच्या पायाला) जोडायचा. गिटारची पिन मोनो असते, ती आत घातली की तिच्या स्लीव्हमुळे (मागच्या लांब भागामुळे) रिंग आणि ग्राउंड जोडले जातात आणि सर्किट चालू होतं, पिन काढली की बॅटरी बंद, वेगळा ऑन-ऑफ स्विच लागत नाही. ही युक्ती कोणी काढली माहीत नाही पण मला ती फार आवडते. पायाचा स्विच नऊ पायांचा, थ्रीपीडीटी. मधल्या तीन पायांपैकी एकाला इनपुट जॅकची टिप (टोकाचा पाय), दुसऱ्याला आउटपुट जॅकची टिप, तिसऱ्याला ग्राउंड. एका बाजूच्या रांगेत सर्किटचं इनपुट, सर्किटचं आउटपुट आणि एलईडीचा मायनस, दुसऱ्या बाजूच्या रांगेत पहिले दोन पाय एकमेकांना जोडायचे, म्हणजे पेडल बंद असताना गिटारचा सिग्नल सरळ बाहेर जातो. एलईडीला ४.७ के पुरतो, दीड मिलिअँपमध्ये छान दिसतो. इनपुट कपॅसिटरच्या अलीकडे ग्राउंडला २.२ मेग टाकायचा, नाहीतर स्विच दाबला की ॲम्पमध्ये ढप् असा आवाज येतो. ॲडॅप्टरचं सॉकेट लावणार असाल तर गिटार पेडलचे बहुतेक ॲडॅप्टर मधे मायनस आणि बाहेर प्लस असे असतात, आपल्या घरातल्या इतर बऱ्याच ॲडॅप्टरच्या उलटे, म्हणून सप्लायच्या लाइनमध्ये एक वन-एन-४००७ सिरीजला टाकाच, ०.७ व्होल्ट जातील पण आयसी वाचेल.

पेटी धातूचीच. प्लास्टिकच्या डबीत ५० हर्ट्झची गुणगुण शिरते कारण दोनशे पट गेन आहे, ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरचा आवाजही दोनशे पट होतो. पोरं विचारतात घरातला स्टीलचा डबा चालेल का, चालतो, शिल्डिंग मस्त मिळतं, पण स्टेनलेसला भोकं पाडताना ड्रिल बिटची वाट लागते, ॲल्युमिनियमची डायकास्ट पेटी घेतलेली बरी. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सगळं मिळतं. पेटी आणि स्विच सोडले तर बाकीचं सामान दीड-दोनशेच्या आत बसतं, सगळं मिळून पाचशे-सहाशे. ब्रँडेड पेडल चार-पाच हजारांपासून पुढे. आणि हे फक्त गिटारवाल्यांसाठी नाही, बेंजो पार्टीतल्या इलेक्ट्रिक बेंजोलाही पिकअपच असतो, त्यालाही हीच पेटी लागू पडते, त्यामुळे कोकणातल्या किंवा लालबाग-परळच्या पोरांनी गिटार नाही म्हणून मागे राहायचं कारण नाही.

भाच्याचं पेडल पीसीबीवर गेल्यावर वाजलं नाही. ते मला बरंच वाटलं, कारण खरं शिक्षण तिथून सुरू झालं. मी सोल्डरिंग गन हातात घेतली नाही, फक्त मल्टिमीटर पुढे केला. ७ नंबरला जवळजवळ ९, ६ आणि २ ला साडेचारच्या आसपास, ३ नंबरला चारपेक्षा जरासं जास्त. तो घाबरला की ३ ला कमी का, तर त्याला म्हटलं तुझ्या मीटरचा स्वतःचा इम्पिडन्स बघ, १० मेग, आणि वर १ मेग आहे, मीटरच तेवढं खाली ओढतोय, कर हिशोब. त्यानं केला आणि जुळला. म्हणजे डीसी सगळं बरोबर. मग आम्ही ऑडिओ प्रोब केला, म्हणजे एका जुन्या गिटार केबलच्या टोकाला ०.१ चा कपॅसिटर आणि त्याची मोकळी तार, दुसरं टोक ॲम्पमध्ये. गिटार कोणीतरी वाजवत राहायचं आणि प्रोब एकेका जागी टेकवत पुढे जायचं. ३ नंबरला बारीक आवाज, ६ नंबरला दणदणीत, १ मायक्रोच्या अलीकडे दणदणीत, पलीकडे काहीच नाही. कपॅसिटरचा पाय हलवला तर गोल मण्यासारख्या सोल्डरच्या आत तो मोकळाच फिरत होता, ड्राय सोल्डर. फ्लक्स लावून, आधी पाय आणि पॅड दोन्ही तापवून मग सोल्डर वितळवलं, ते पसरून चकचकीत बसलं आणि पेडल वाजलं. कारखान्यात नवीन आलेल्या डिप्लोमा झालेल्या मुलांना फॉल्ट शोधायला सांगितला तर कार्ड बदलू का म्हणून विचारतात. सिग्नल कुठपर्यंत आहे आणि कुठून पुढे नाही, एवढा एकच प्रश्न विचारत पुढे जायची सवय त्यांना कोणी लावलेलीच नसते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पेडल ९ व्होल्टचं आहे, त्यानं काही होत नाही, पण ते ज्या ॲम्पला लावता तो २३० व्होल्टवर आहे. हम (गुणगुण) येतोय म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकणारे वादक मी मंडपात, ऑर्केस्ट्रात नेहमी बघतो. गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, ॲम्पमध्ये फॉल्ट आला आणि अर्थिंग नसलं तर ते व्होल्टेज तारांवर येतं, आणि वादकाचा दुसरा हात किंवा ओठ अर्थ असलेल्या माइकला लागला की संपलं. हम गेला पाहिजे तर पेटीचं शिल्डिंग करा, केबल बदला, सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून घ्या, पण अर्थिंगला हात लावू नका. तसंच व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प शिकाऊ पोरांनी उघडायचा नाही, स्विच बंद करून प्लग काढला तरी आत कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट थांबलेले असतात.

आता मागणी. डिप्लोमाला मायक्रो प्रोजेक्ट असतो, बऱ्याच विषयांना. कल्पना चांगली आहे, पण होतं काय हे पालकांनाही माहीत आहे, कुठूनतरी रिपोर्ट डाउनलोड करायचा, नाव बदलून स्पायरल बाइंडिंग, नाहीतर तयार प्रोजेक्ट विकत मिळतोच, पैसे द्या आणि घेऊन जा. माझं तंत्रशिक्षण मंडळाला आणि त्याहीपेक्षा लॅबमध्ये उभ्या असणाऱ्या सर-मॅडमना सांगणं आहे की ॲनालॉगच्या मायक्रो प्रोजेक्टमध्ये असं आवाज काढणारं काहीतरी ठेवा आणि पोरांना गिटार, बेंजो, जे असेल ते लॅबमध्ये आणू द्या. चार-पाच जणांच्या ग्रुपला खर्च माणशी शंभर ते दीडशे. गोंगाटाची भीती असेल तर हेडफोनचा छोटा ॲम्प लावा, वर्गात कोणाला त्रास होणार नाही. सीआरओ पण लावा, मी सीआरओच्या विरोधात अजिबात नाही, उलट एका बाजूला कापलेली वेव्ह दिसतेय आणि त्याच क्षणी ती कानात ऐकू येतेय यासारखं दुसरं शिक्षण नाही.

ओरल घ्यायलाही हे सोपं आहे आणि इथे विकत आणलेला प्रोजेक्ट लगेच उघडा पडतो. बेसमधला एक डायोड काढून टेबलावर ठेवायचा आणि वाजवायच्या आधी विचारायचं, आता आवाज कसा येईल आणि का. ज्यानं हातानं बनवलंय तो सांगेल की एक बाजू ०.६ लाच कापली जाईल, दुसरी बाजू आयसी जिथे थकेल तिथपर्यंत जाईल, म्हणून आवाज मोठा होईल आणि वरच्या सप्तकातला सा मिसळेल. मग वाजवायचं. मार्क कोणाला किती द्यायचे ते तिथेच ठरतं.

आणि तुमच्याकडे पण एक मागणी. रविवारच्या पुरवणीत रेसिपी असते, शब्दकोडं असतं, बागकामाचं सदर असतं, तसं महिन्यातून एकदा मराठीत एक सर्किट छापा. अगदी पाव पान चालेल. इंग्रजीत अशी मासिकं होती आणि आहेत, माझ्या पिढीतले बरेच जण ती रद्दीतून आणून शिकले, पण मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिलं सर्किट आपल्या भाषेत वाचायला मिळालं तर त्याचा हात लवकर वळेल. लिहायला माणसं मिळतील, आमच्या एमआयडीसीतच कितीतरी आहेत, मी स्वतः फुकट लिहून देईन.

सोबत हातानं काढलेलं सर्किट आणि स्विचच्या नऊ पायांची आकृती जोडतोय. पत्र लांबलंय हे मला दिसतंय, जागेसाठी कापावं लागलं तर नॅशव्हिलचा इतिहास खुशाल कापा, पण पिन नंबर, रेझिस्टर-कपॅसिटरच्या व्हॅल्यू आणि अर्थिंगचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा ठेवा. आणि छापताना ०.०४७ मधला टिंब हरवणार नाही एवढं प्रूफ बघणाऱ्यांना आवर्जून सांगा.

आपला,
एक वाचक, भोसरी